अध्याय संपेपर्यंत

मुगाच्या खिचडीचा चमचा कोकिळेनं नवऱ्याच्या ओठांशी नेला आणि तेवढ्यात ते बोलले. "शी नेव्हर कम्स लेट." स्वच्छ, खणखणीत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावं असं. चमचा तिच्या हातात कलला, गरम खिचडी मनगटावर सांडली, आणि ती पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही. दवाखान्यातून घरी आणल्याला सोळा दिवस झाले होते. या सोळा दिवसांत अमृत सरांच्या तोंडून एक लांबलचक 'आं' सोडला तर काही निघालं नव्हतं. पाणी हवं असेल तरी 'आं', माशी बसली तरी 'आं'. आणि आता हे. ती भानावर आली तेव्हा त्यांनी पुढचा घास घ्यायला तोंड उघडलेलं होतं, जसं काही झालंच नव्हतं. इंग्रजीच्या मास्तराबरोबर एकतीस वर्षं संसार केल्यावर एवढं तरी कळणारच. शी म्हणजे ती. नेव्हर म्हणजे कधीच नाही. ती कधीच उशिरा येत नाही. कोण ती? मेहरूण वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत 'ती' म्हणावं असं दुसरं कोण होतं? बाहेर चैत्रातलं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, कूलरमधली मोटर घरघरत होती, आणि तिला वाटलं, आठवतंय यांना. आता हे हळूहळू सगळं बोलणार.

डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं. तरुण होते, बोलताना पेनाचं टोपण काढायचे, लावायचे. "डोक्याच्या डाव्या भागात बोलण्याची जागा असते, काकू. ती गेली. पण माणूस जे हजारदा म्हणतो ते दुसरीकडे साठून राहतं. कुणाला आरती राहते, कुणाला पाढे. एका आजोबांना तर नुसत्या शिव्या राहिल्यात, घरचे बिचारे पाहुणे आले की दार लावून घेतात. तुमच्या मिस्टरांना शाळेतली वाक्यं राहिली. त्यात अर्थ शोधू नका." तिनं मान हलवली. पण अर्थ शोधू नका म्हटल्यानं शोधायचं थांबतं का? आरती म्हणणाऱ्याला आरतीचा अर्थ ठाऊक नसतो असं कुठं आहे. चोवीस वर्षं ती रोज पोथीचा एक अध्याय वाचत आली होती. कितीतरी ओळी तिच्या तोंडून आपोआप जायच्या, आणि एखाद्या दिवशी त्यातलीच एक ओळ अचानक उठून तिच्याकडे बघायची.

वाक्यं वाढत गेली. "आय ऑलवेज गेट अप अर्ली." "दे ऑफन प्ले इन द फील्ड." "ही हॅज ऑलरेडी लेफ्ट." दिवसातून तीनचार वेळा, कधी भिंतीकडे बघून, कधी तिच्याकडे. प्रत्येक वाक्यात तो एक शब्द असायचाच: नेहमी, कधीच, पुष्कळदा, आधीच. पूर्वी धुळ्याच्या शाळेत सरांचं नाव त्या शब्दांवरच होतं. तेवढं एक ते असं शिकवायचे, की मुलं चाळिशीला आली तरी विसरत नसत. ती ऐकायची आणि मनात फोडून मराठीत लावायची. मी नेहमी लवकर उठतो. तो आधीच निघून गेला आहे. हे शेवटचं त्यांनी एका दुपारी इतक्या शांतपणे म्हटलं, की ती स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्यांच्या नाकाशी हात धरून उभी राहिली. आपल्या बोलण्यात 'नाही' शेवटी येतं, तिला वाटायचं. वाक्य संपेपर्यंत माणसाला आशा असते. यांच्या इंग्रजीत तो 'कधीच नाही' क्रियेच्या आधी दारात येऊन उभा राहतो. आत काय आहे ते बघायच्या आधीच कळतं, की नाही.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. आणि खरं बोलायचं तर ओढही त्याच गोष्टीची होती. त्या सकाळचं त्यांना आठवत होतं का?

त्या सकाळी ती सात वाजता आसनावर बसली. मुलगा दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला होता, डोळे वर गेले होते, तेव्हा तिनं हा नेम बोलला होता. रोज एक अध्याय, उंच आवाजात, आणि एकदा आसनावर बसलं की अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. मुलगा उठला, मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला. नेम चालूच राहिला. सासू गेली त्या दिवशीसुद्धा सुतकाआधीचा अध्याय पुरा झाला होता. सरांचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण चोवीस वर्षांत त्यांनी तिला पोथीवरून एकदाही हाक मारली नाही. दूधवाला आला तर स्वतः पातेलं घेऊन जायचे, कुणी पाहुणा आला तर ओठांवर बोट ठेवून त्याला ओट्यावर बसवायचे. त्या दिवशीचा अध्याय सगळ्यात मोठा होता. ती तिसऱ्या पानावर होती, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वीस झाले होते, आणि आतल्या खोलीतून हाक आली. "कोकिळा."

एकतीस वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. 'अगं', 'ऐकलं का', फार तर मुलाचं नाव घेऊन 'त्याची आई'. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ते नाव कानावर पडलं आणि तिला आधी लाजल्यासारखं झालं. मग राग आला. यांना ठाऊक नाही का मी पोथीवर आहे? चष्मा सापडत नसेल, नाहीतर टॉवेल. आणि तिनं काय केलं, तर आवाज चढवला. मी अध्यायात आहे हे त्यांना कळावं म्हणून तिनं पुढच्या ओळी दुप्पट मोठ्यानं म्हटल्या. हाक पुन्हा आली. त्यात शेवटची अक्षरं नव्हती, नुसतं 'को' होतं आणि पुढं काहीतरी ओलं. मग तिसरी आली नाही. तिला बरं वाटलं. समजलं यांना, असं तिला वाटलं, आणि हे वाटणं तिला आता सगळ्यात जास्त छळत होतं. तिनं फलश्रुती म्हटली, पोथीवर फडकं घातलं, नमस्कार केला, आणि निरांजनातली वात सारखी करून ती आत गेली तेव्हा आठ वाजले होते. ते पलंगाच्या आणि कपाटाच्या मधे पडलेले होते, एक डोळा दाराकडे.

"कधी सुरू झालं हे?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. "नक्की वेळ सांगा, काकू." आणि ती म्हणाली, "आठ. आठला." तो आकडा तिच्या तोंडून असा गेला, जणू तो आधीपासून तिथं बसलेला होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं. "लवकर आणलंत. पुष्कळ लोक दिवस घालवतात," ते म्हणाले. तेव्हापासून जो तो तिला तेच ऐकवत होता. शेजारची लताबाई म्हणाली, तुमची पोथी पावली. धुळ्याकडून नणंद यशोदाबाई आली, भावाच्या पायाशी बसली, त्याचं लुळं पाऊल चोळत म्हणाली, "वहिनी, तुनी पुण्याई शे म्हनीसन मना भाऊ वाचना." मग भावानं डोळे उघडून "ही ऑफन गोज टू द लायब्ररी" म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून हसू आणि रडू एकदमच लागली. "आरे देवा! बठ्ठं इंग्रजीच बोलस हाऊ! माले कसं समजी रे भाऊ? लहानपनी मना संगे अहिरानीमा भांडे ना!" कोकिळा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नेम तिनं मोडला नव्हता. रोज सातला बसायची. पण आवाज आता वर जातच नव्हता. ओळी ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि कान आतल्या खोलीकडे लावून ठेवायची. एखादा अध्याय कधी संपला हेही तिला कळायचं नाही. देवानं हे ऐकलं तरी कसं असेल, आणि ऐकलं असेल तर काय म्हणून, असा विचार यायचा आणि ती तो घाईघाईनं झाकून टाकायची.

शाझिया यायला लागली ती त्याच सुमारास. सरांची धुळ्याची विद्यार्थिनी. तिचा बाप नूर महंमद तिथं कापडाच्या लूमवर कामाला होता. आता लग्न होऊन मेहरूणच्या पलीकडच्या गल्लीत राहायची आणि घरातच बायकांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास घ्यायची. सर आजारी आहेत हे कळल्यावर ती खजूर घेऊन आली, सरांनी तिच्याकडे बघून "शी नेव्हर कम्स लेट" म्हटलं, आणि ती खुर्चीवरून जवळजवळ उडालीच. "काकू! हे माझं वाक्य आहे!" कोकिळेला काही कळेना. मग शाझियानं सांगितलं. सहावीत सर मुलांनाच शब्द करायचे. प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याची पाटी. मुलं ओळीत उभी राहायची, आणि सरांनी टाळी वाजवली की नेहमी, कधीच, आधीच असल्या शब्दांनी पळत जाऊन क्रियापदाच्या पुढं उभं राहायचं. "मला नेव्हर केलं होतं. आणि 'कम्स' कोण, तर तोताराम. हा एवढा जाडा! मी त्याच्या पुढं उभी राहिले की मागून दिसायचीच नाही. सर म्हणायचे, कम्स कितीही मोठा असू दे, नेव्हर त्याच्या आधी. आणि वाक्यात हॅज असलं तर हॅज आणि लेफ्टच्या मधे घुसायचं, तिथं 'ऑलरेडी' झालेला अतिक आणि मी मारामारीच करायचो. वर्षभर पोरं मला नेव्हरच म्हणायची, काकू. नेव्हर, डबा आण. अजून धुळ्याला गेले तर एकजण म्हणतो." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. कोकिळेला त्या दिवशी रात्रीपर्यंत हलकं वाटलं. 'शी' म्हणजे ती नव्हती. शाझिया होती, पाटी लावलेली, बारा वर्षांची. पण मग तेही जडच झालं. कारण त्या वाक्यांत आपण कुठंच नव्हतो, हे तिला दिसलं. ज्या माणसाच्या डोक्यात तोतारामाला जागा राहिली, त्याच्या डोक्यात आपल्याला राहिली नव्हती. आणि शेवटचा जो एक शब्द त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं उच्चारला तो तिचं नाव होता, तो तिनं मोठ्या आवाजाखाली दाबून टाकला होता.

शाझिया रोज अकराला यायची, क्लास संपवून. सरांसमोर बसून वाक्यं म्हणायची, ते तिच्यामागून म्हणायचे. डॉक्टर म्हणाले होते, चांगलं आहे. वैशाख लागला, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. अशाच एका दिवशी सरांना डोळा लागला होता, शाझिया सरबताचा पेला हातात घेऊन निघायच्या बेतात होती, आणि कोकिळा म्हणाली, "मला तीन वाक्यं लिहून दे. इंग्रजीत, पण अक्षरं आपली काढ."

"घ्या ना. कोणती?" शाझियानं वही उघडली.

"तुम्ही हाक मारली. मला."

"यू कॉल्ड मी."

"मी ऐकली."

"आय हर्ड यू."

"नुसती ऐकली नाही. स्पष्ट ऐकली. पहिल्याच वेळी."

"मग क्लिअरली घालू. आय क्लिअरली हर्ड यू. हर्डच्या आधी," शाझिया म्हणाली, बाईंच्या सवयीनं, आणि तिचं पेन चालतच होतं.

"मी उठले नाही."

पेन थांबलं. शाझियानं ते वाक्य लिहिलं नाही, वर बघितलंही नाही. आधीच्या दोन ओळी ती पुन्हा वाचत होती हे कोकिळेला दिसलं. कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो कोरडाच फिरत होता.

"काकू, हे सरांना म्हणायचंय?"

"हो."

"मराठीत म्हणा ना. मराठी पण पोचत असेल थोडी."

"मराठीत तोंड उघडत नाही माझं. तीनदा बसले त्यांच्यापुढं. लिही तू."

शाझियानं लिहिलं. आय डिड नॉट गेट अप. मग पेनाचं टोक त्याच जागी टेकवून ती हळू आवाजात म्हणाली, "पोथीवर होता?" कोकिळेनं मान हलवली. "माझी अम्मी नमाजला उभी असली ना, दूध उतू गेलं तरी हलत नाही," शाझिया म्हणाली. "लहानपणी आम्ही मुद्दाम त्रास द्यायचो. पण कुणी पडलं, कुणाचा जीव चाललाय असं असलं, तर नमाज तोडायची असते, काकू. तोडलीच पाहिजे असं आहे आमच्यात. मौलवींनी शिकवलंय लहानपणीच."

"आमच्यातही असेल," कोकिळा म्हणाली. "मी कधी कुणाला विचारलं नाही."

चोवीस वर्षांत विचारलं नाही. हे ती मोठ्यानं बोलली आणि मग तिला ते ऐकू आलं. कीर्तनकार घरी जेवून गेले, गुरुजी वर्षातून दोनदा यायचे, त्यांना दक्षिणा दिली, पाया पडली. चुकलं तर काय प्रायश्चित्त, हे विचारलं. कांदा चालतो का, विचारलं. पण कुणी हाक मारली तर काय, हे विचारायचं तिच्या कधी मनातच आलं नाही. कारण घरात कुणी हाक मारणारच नाही अशी व्यवस्था त्या दुसऱ्या माणसानं करून ठेवली होती. दूध त्यानं घेतलं होतं, पाहुणे त्यानं थोपवले होते. तिच्या नेमाचा अर्धा भाग तोच पाळत होता आणि तिनं तो सगळा आपल्या खात्यावर धरला होता. शाझिया उठली, तिनं कोकिळेचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दारात चपला घालताना तिला त्या नीट सापडेनात.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर कोकिळेनं सरांना उशीला टेकवून बसवलं, त्यांचं तोंड पुसलं, आणि समोर उभी राहून, कागद हातात धरून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती तीन वाक्यं म्हणाली. यू कॉल्ड मी. आय क्लिअरली हर्ड यू. आय डिड नॉट गेट अप. तिचे उच्चार जाड पडत होते. 'क्लिअरली'मधे जीभ अडकली, तिनं तो शब्द पुन्हा म्हटला. सर तिच्याकडे बघत होते. त्यांचा डावा डोळा बारीक झाला, वर्गात कुणी चाचरत वाचत असलं की व्हायचा तसा. ती वाट बघत राहिली. शिवी देतील, रडतील, तोंड फिरवतील. काहीही चाललं असतं तिला. त्यांनी ओठ ओले केले आणि आपल्या स्वच्छ, घडीव आवाजात ती तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली. शब्दाला शब्द. तिच्यापेक्षा कितीतरी सुंदर. मग पाण्याच्या पेल्याकडे बघून 'आं' म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती वाक्यं त्यांची झाली. सकाळी दूधवाला आला की, "आय क्लिअरली हर्ड यू." लताबाई डोकावली की, "आय डिड नॉट गेट अप." लताबाईनं टाळ्या वाजवल्या. "अगोबाई, नवीन बोलले हो सर! काय म्हणाले?" कोकिळा म्हणाली, "काही नाही, शाळेतलं." यशोदाबाईला फोनवर ऐकवलं गेलं, ती पलीकडून "व्वा रे मना भाऊ" करत राहिली. अध्याय वाचताना आतून ते यायचं, मोठ्या आवाजात. आय डिड नॉट गेट अप. आणि ती तडक उठून आत जायची. आता रोज उठायची, तिसऱ्या ओळीला, दहाव्या ओळीला. आत काही झालेलं नसायचं. ते छताकडे बघत असायचे. परत येऊन आसनावर बसायचं की नाही, हे तिला ठरवता यायचं नाही. मग ती तशीच उंबऱ्यावर बसायची, पोथी उघडी, वारा पानं उलटत असलेला. चौथ्या दिवशी तिनं अर्ध्यातच पोथीवर फडकं घातलं आणि अध्याय पुरा केला नाही. काही कोसळलं नाही. तेच तिला सहन होईना.

महिन्याच्या तपासणीला शाझियाच्या नवऱ्यानं रिक्षातून दवाखान्यात सोडलं. डॉक्टरांनी सरांचा हात वरखाली करून बघितला, काठी टेकत चार पावलं चालवलं, पुन्हा खुर्चीत बसवलं. "काय सर, काय म्हणताय?" सर म्हणाले, "यू कॉल्ड मी. आय क्लिअरली हर्ड यू. आय डिड नॉट गेट अप." डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अरे वा! हे नवीन आहे. नवीन वाक्य पकडलं म्हणजे फार चांगली खूण आहे ही, काकू. कुठून शिकले?"

"ते वाक्य त्यांचं नाही," ती म्हणाली. "माझं आहे."

"तुम्ही शिकवलं? उत्तम. रोज घ्या त्यांच्याकडून. सकाळ-संध्याकाळ."

"डॉक्टर," ती म्हणाली. पोथीबाहेर तिचा आवाज नेहमीच लहान असायचा, डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं. "त्या दिवशी आठला नव्हतं झालं. सात वीसला त्यांनी हाक मारली. मी अध्यायावर होते. संपेपर्यंत उठले नाही. तुम्हाला मी आठ सांगितलं."

टोपण लावायचा आवाज झाला. डॉक्टरांनी फाइलचं पहिलं पान उलटून बघितलं, मग मिटलं. "बरं," ते म्हणाले. "पण काकू, खरी वेळ सांगितली असती तरी इंजेक्शन तेच दिलं असतं मी. त्याला काही तासांची मुदत असते, तुम्ही वेळेतच होतात. तुमच्या सांगण्यानं उपचारात काही चुकलं नाही."

"मी ते नाही विचारत. मी तेव्हाच उठले असते तर बोलले असते का हे?"

दार ढकलून कुणीतरी आत डोकावलं, डॉक्टरांनी हातानंच त्याला थांबवलं. ते सरांकडे बघत होते. तिला वाटलं, आता ते म्हणतील, कोण सांगणार, देवाची मर्जी. तसं म्हणायला सोपं होतं आणि ती ते घेऊन घरी गेली असती.

"थोडंफार जास्त बोलले असते," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक."

तिनं मान हलवली. औषधाची चिठ्ठी पुढं आली, ती तिनं घेतली, घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद ओढला. बाहेरच्या माणसानं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. आता उठायचं होतं. तिनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि पाय तिचे राहिलेच नव्हते. पुन्हा नाव पुकारलं गेलं. डॉक्टर काही बोलले, ते तिला कळलं नाही. शेजारी काठीचं रबरी बूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. सर उठत होते. एकटे, डाव्या हातावर सगळा भार देऊन, वाकडे, थरथरत. ते उभे राहिले. काठी त्यांनी टेबलाच्या कडेला टेकवली, कपाळावर घाम आला होता, आणि तो मोकळा झालेला डावा हात तिच्यापुढं धरून ते उभे राहिले, तिची वाट बघत.